दोन बोटे उणे दावे : संसारी मातेचा नित्यविधी

परमार्गातील आचाराचा विचार करू लागले म्हणजे अटन, विजन, भिक्षा, भोजन या क्रमाने चालणाऱ्या अनुसरलेल्या साधकाचे चित्र प्रथम डोळ्यांपुढे उभे राहते. ते योग्यच आहे. कारण सर्वसंगपरित्याग हाच या मार्गाचा मुख्य आचार होय. परंतु जो अद्याप अनुसरला नाही, ज्याने उपदेश घेतला आहे पण ज्याच्या अंगावर घरप्रपंचाचा भार आहे, त्या वासनिकाने काय करावे? त्यातही जिच्या पदराला तीन-चार लहान मुले बिलगलेली आहेत, त्या मातेने काय करावे? पहाटे उठून स्मरणास बसावे तो तान्हे जागे होते. पारायणाची पोथी उघडावी तो दोघांची मारामारी जुंपते. देवपूजेचा उपहार सिद्ध करावा तो धाकटा हात पसरून उभा असतो. रात्री सर्व निजल्यावर नामाचा आरंभ करावा तो स्वतःचेच डोळे मिटतात. अशा माता अनेकदा खिन्न होऊन म्हणतात, “आमचा धर्म मुलांनी बुडविला.” या खेदात किती तथ्य आहे आणि किती गैरसमज आहे, याचा शास्त्रदृष्टीने विचार करणे हा या पाठाचा हेतू आहे.

विषयप्रवेश

श्रीमद्भगवद्गीतेचा उपदेश श्रीकृष्ण महाराजांनी कोणास केला, हे प्रथम ध्यानी घ्यावे. अर्जुन हा वनवासी यती नव्हता. तो पुत्रवान गृहस्थ होता, आणि ज्या स्थळी त्याला उपदेश झाला ते स्थळ एकांताचे नव्हते, दोन सैन्यांच्या मधले होते. आठव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात स्मरण आणि युद्ध या दोन्ही आज्ञा एकत्रच आलेल्या आहेत. युद्ध संपल्यावर स्मरण कर, असे तेथे सांगितलेले नाही. नवव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या श्लोकात करणे, खाणे, हवन करणे, देणे आणि तप करणे अशा पाच क्रिया सांगून त्या सर्व परमेश्वरास अर्पण करण्याची आज्ञा आहे. यांतील हवन, दान व तप या क्रिया धार्मिक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ‘करणे’ आणि ‘खाणे’ या दोन क्रिया त्यांच्याही आधी आल्या आहेत. चुलीपाशी बसलेल्या मातेचा अर्धा दिवस याच दोन क्रियांत जातो. तेव्हा तिचा दिवस शास्त्राच्या बाहेर राहिला, असे म्हणता येणार नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. “माझे काम हीच माझी पूजा” असे म्हणून नाम, पूजा व पारायण यांना रजा देण्याची वृत्ती अलीकडे बळावली आहे. श्लोकात कर्म करण्याची नव्हे, तर कर्म अर्पण करण्याची आज्ञा आहे. ज्याचे स्मरणच नाही त्याला अर्पण कसे घडेल? म्हणून थोडे का होईना, विधियुक्त स्मरण सुटता कामा नये. थोडे घडले म्हणून ते वाया जात नाही, हे दुसऱ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकाचे आश्वासन आहे.

दृष्टांत

केशिराजबासांनी दृष्टांतपाठात स्वामींचे ११४ दृष्टांत सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशा रीतीने मांडले आहेत. त्या मांडणीला अनुसरून आपण येथे श्रीकृष्णचरित्रातील एक परिचित लीळा पाहू. भागवताच्या दशम स्कंधाच्या नवव्या अध्यायात ती आली आहे.

एके दिवशी घरातील दासी इतर कामांत गुंतल्या होत्या म्हणून यशोदा स्वतः दही घुसळावयास बसली. घुसळता घुसळता ती आपल्या बाळाच्याच लीळा आठवून गात होती. तेवढ्यात बाळ आला व त्याने रवी धरून ठेवली. तिने काम थांबवून त्यास अंगावर घेतले. इतक्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. बाळाचे पोट भरले नव्हते तरी ती त्यास खाली ठेवून धावली. रुसलेल्या बाळाने दगड घालून दह्याचे भांडे फोडले आणि लोणी घेऊन उखळावर जाऊन बसला. ती हातात काठी घेऊन मागे लागली. धरल्यावर बाळ भ्याला आहे असे दिसताच तिने काठी टाकून दिली आणि त्यास दाव्याने बांधू लागली. दावे दोन बोटे उणे पडले. दुसरे जोडले, तरी दोन बोटे उणेच. घरातली सारी दावी संपली. ती घामाघूम झाली, केसांतील फुले गळून पडली. तिचे श्रम पाहून त्यास करुणा आली आणि तो आपण होऊन बांधला गेला.

दार्ष्टांतिक

या लीळेत कोणत्याही संसारी घरातील सकाळ आहे. अर्धवट राहिलेले काम आहे, उतू जाणारे दूध आहे, रुसलेले मूल आहे, फुटलेले भांडे आहे. यशोदेची भक्ती या गोंधळाच्या बाहेर कोठे निराळी चाललेली नव्हती. यातून तीन गोष्टी घ्यावयाच्या.

पहिली गोष्ट गाण्याची. तिने हाताने दही घुसळले आणि मुखाने लीळा गायिल्या. तिच्या जवळ बाळ प्रत्यक्ष होता; आपल्याजवळ लीळांचे स्मरण आहे. दळण निवडताना, भाकरी थापताना, तान्ह्याला थोपटताना एका लीळेचे स्मरण करता येते. पूर्वी ओळीने सगळी लीळा आठवावी, मग त्या लीळेतील स्थान, मग तेथील भक्तजन आठवावे. यासाठी आसनाची गरज नाही. आदल्या रात्री ती लीळा एकदा वाचलेली असावी एवढेच.

दुसरी गोष्ट काठीची. मूल भ्यालेले पाहताच तिच्या हातची काठी गळाली. हिंसा केवळ शस्त्राने होत नाही. ती वाचेने होते आणि मनानेही होते. मुंगी चिरडू नको म्हणून मुलाला शिकविणारी माता त्याच मुलाला “मेल्या, तुझे तोंड पाहू नये” असे म्हणते, तेव्हा मूल काय शिकते? श्रीचक्रधरप्रभूंच्या सशाच्या लीळेत पारध्यांच्या तावडीतून सुटून ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन निर्भय झाला. ती लीळा मुलांना अवश्य सांगावी. परंतु आपल्या घरातले भ्यालेले मूल कोणाच्या मांडीखाली जाते, हेही सांगणाऱ्याने पाहावे. मुलाला शिस्त नको असे नव्हे. यशोदेने बांधण्याचा यत्न सोडला नाही, पण काठी सोडली.

तिसरी गोष्ट दोन बोटांची. एक बोट जीवाच्या प्रयत्नाचे व दुसरे परमेश्वराच्या कृपेचे, असा अर्थ परंपरेने लावला जातो. दाव्याची लांबी कितीही वाढविली तरी परमेश्वर तिच्याने बांधला जात नाही. श्रमलेल्या जीवाकडे पाहून तो आपण बांधला जातो. म्हणून जिची आज दहाच नामे झाली, तिने ‘उणे पडले’ म्हणून दावे फेकून देऊ नये. उणे पडणारच आहे. जोडणे मात्र थांबता कामा नये.

अनन्यतेची कसोटी

आतापर्यंतचा विचार वेळेच्या अडचणीचा झाला. परंतु लेकुरवाळ्या घरात याहून मोठी अडचण भयाची असते. तिच्याविषयी लिहिताना स्वतःचा दोष सांगितल्यावाचून मला गत्यंतर नाही.

सन १९७९ च्या उन्हाळ्यात माझी चार मुले नऊ वर्षांच्या आतली होती. तिसरा तीन वर्षांचा होता. एका संध्याकाळी तो तापाने फणफणला व त्यास आकडी आली. घरातील मंडळी तालुक्याच्या गावी नेण्यासाठी गाडी आणावयास गेली. शेजारीण उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “बाई, मरीमायला बोला. लेकरू आहे, हट्ट कशाला?” सासूबाईंनी उत्तरवयात उपदेश घेतला होता, त्यांनी काही न बोलता हळदीच्या फडक्यात एक रुपया बांधला. मी त्यांना अडविले नाही. इतकेच नव्हे, तर मनातल्या मनात मीही बोलले. वैद्याने उपचार केला, पहाटे ताप उतरला, मूल पाणी मागू लागले.

खरा ताप त्यानंतर मला चढला. नवस फेडावा तर अनन्यभक्ती मोडते. न फेडावा तर देवता कोपेल आणि मुलावर उलटेल, असे शेजारी सांगत होते. आठ दिवस मी त्या मुलाला जवळून हलू दिले नाही. अखेर आमच्या गावाजवळच्या आश्रमातील वृद्ध तपस्विनी आईंकडे गेले आणि दंडवत घालून सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मुली, रडलीस हा दोष नव्हे. दुसऱ्याच्या दारी जाऊन रडलीस, हा दोष. आता भिऊन तो नवस फेडशील, तर पुन्हा त्याच दारी जाशील. आपल्या स्वामींपुढे अनुताप कर, आणि तो रुपया लेकराच्या औषधाला लाव.”

गीतेच्या सातव्या अध्यायात विसाव्यापासून तेविसाव्या श्लोकापर्यंत हाच विचार आहे. कामनेने ज्ञान हरपलेले जीव अन्य देवतांकडे वळतात आणि त्यांना मिळणारे फळ नाशवंत असते. तेथे देवता नाहीत असे म्हटलेले नाही. त्यांचे फळ अंतवंत आहे असे म्हटले आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चारही पदार्थ निरनिराळे जाणणे हे ब्रह्मविद्येचे पहिले पाऊल आहे. मी ते पाठ म्हणत होते. परंतु आकडी आलेल्या मुलापुढे ते माझ्या हाती राहिले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माझे मूल बरे झाले हा माझ्या भक्तीचा पुरावा नव्हे आणि नवसाचाही नव्हे. त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील एक मूल दगावले. त्याच्या आईनेही नवस बोललेला होता, आणि तिची श्रद्धा उणी होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परमेश्वराची भक्ती ही मुलांच्या आयुष्याची किंमत म्हणून देण्याची वस्तू नाही. औषध देणे हे मातेचे कर्तव्य आहे; त्याने अनन्यतेस बाध येत नाही. तापात आकडी आल्यास मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये, व त्वरित दवाखान्यात न्यावे. त्या धावपळीत मुखी नाम असावे. परिणाम काहीही होवो, नाम बदलू नये. अनन्यता म्हणतात ती एवढीच.

शेजारिणीशी मी पुढे भांडले नाही. तिच्या देवतेची निंदा केली नाही. ती कळवळ्याने बोलली होती. आपला निश्चय दृढ ठेवण्यासाठी दुसऱ्याच्या श्रद्धेला लाथाडावे लागत नाही.

मुलांची भाषा

शेवटचा विचार शिकविण्याचा. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. कारण तसे झाले तर मार्गातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकल्या असत्या. जो न्याय वृद्धांना, तोच बालकांना. चार वर्षांच्या मुलाला जीव-प्रपंचाची लक्षणे पाठ करविण्यापेक्षा रिद्धपूरची गोष्ट सांगावी. तेथे श्रीगोविंदप्रभू मुलांत खेळत, घरोघरी जात, आणि गावची माणसे त्यांना आपली आई व आपला बाप मानीत. मुलाला हा देव लगेच कळतो. लक्षणे पुढे कळतील.

उपहार दाखविण्यापूर्वी मुलाने हात घातला तर त्याच्या हातावर मारू नये. त्यालाच ताट धरावयास द्यावे आणि “आधी देवाला, मग तुला” असे म्हणावे. मोठ्याने विडा ठेवावा, मधल्याने आरती म्हणावी, धाकट्याने दंडवत घालावे. असे केल्याने मातेचा विधी लांबतो खरा, पण तो एकटीचा राहत नाही.

सारांश

संसारी मातेने नित्य एवढे तरी सांभाळावे : उठताच पंचकृष्णांचे नाम, दिवसाच्या कामात एका लीळेचे स्मरण, मुलांसह एक उपहार, रागाच्या क्षणी काठी आणि कठोर शब्द दोन्ही खाली ठेवणे, संकटात अन्य दारी न जाणे, आणि निजण्यापूर्वी दिवसभराच्या दोषांचा अनुताप. अनुसरणाची आवड मात्र मनात जागी ठेवावी. मुले मोठी होतात आणि हात रिकामे होतात. तो दिवस उजाडेल तेव्हा रिकाम्या हातांना जपमाळ परकी वाटू नये, म्हणून आजच्या भरल्या हातांनी तिची ओळख ठेवावी.

मननासाठी प्रश्न

१. ‘काम हीच पूजा’ या म्हणण्यात आणि कर्मार्पणात भेद कोणता?
२. यशोदेने काठी टाकली, पण बांधणे सोडले नाही. यातून मुलांच्या शिस्तीविषयी काय बोध होतो?
३. औषधोपचार आणि नवस यांत अनन्यतेच्या दृष्टीने काय अंतर आहे?
४. आपल्या घरात मुले आज कोणती लीळा स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात?

सर्व अच्युतगोत्रीय सद्भक्तांस दंडवत प्रणाम.