आंदण दिलेली बेटे

मुंबईत गिरगाव म्हणून भाग आहे. त्या गिरगावात ठाकूरद्वारच्या जवळ फणसवाडी आहे. कोकणातली आणि घाटावरची पुष्कळ माणसे नोकरीसाठी मुंबईला आली आणि या भागातल्या चाळींत राहिली. तुमच्यातले कोणी पाहुणे म्हणून तिकडे जाऊनही आले असतील. तिथे दुकाने आहेत, जुन्या चाळी आहेत, आता उंच इमारतीही झाल्या आहेत. फणसाची वाडी मात्र कुठे दिसत नाही. मग हे नाव आले कुठून?

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा पुढच्या खेपेस तिकडे गेलात की रस्त्यावरच्या पाट्या वाचा. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, खेतवाडी, बोरभाट, मुगभाट. ही काय शहराची नावे झाली? ही तर शेतीवाडीची नावे! वाडी म्हणजे बाग. गिरगाव हे एके काळी टेकडीच्या पायथ्याचे गाव होते. गिरी म्हणजे डोंगर, म्हणून गिरगाव. तिथे माड होते, फळझाडे होती, भातशेती होती.

आणखी दोन नावे पाहा. एक उमरखाडी, दुसरे पायधुनी. शहराच्या मधोमध खाडी कशी? आणि पाय कशाचे धुवायचे? सांगतो.

सात बेटे

आज मुंबई जमिनीची एक लांब पट्टी दिसते. पूर्वी तसे नव्हते. तिथे सात बेटे होती. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. त्या बेटांची नावे अशी : मुंबई, माझगाव, परळ, माहीम, वरळी, कुलाबा आणि धाकटा कुलाबा. भरती आली की बेटांच्या मधल्या भागात समुद्र शिरे. ओहोटी लागली की चिखल उघडा पडे. माणसे त्या चिखलातून चालत पलीकडे जात आणि काठावर पाय धूत. म्हणून त्या जागेला पायधुनी नाव पडले, असे सांगतात.

या बेटांवर कोळी मासेमारी करीत. आगरी मिठागरे पिकवीत आणि भात लावीत. भंडारी माडाची ताडी काढीत. कोळ्यांच्या मुंबादेवीवरून मुंबई हे नाव आले.

पृथ्वीच्या मधोमध एक आडवी रेषा मानली आहे. तिला विषुववृत्त म्हणतात. या रेषेच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्यात ऊन फार. त्या पट्ट्याला उष्ण कटिबंध म्हणतात. मुंबई याच पट्ट्यात येते. म्हणून तिथली हवा उष्ण आणि दमट. बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि तो धो धो पडतो. फणस, आंबा, केळ, माड यांना ही हवा मानवते. परदेशातून आलेल्या माणसांना ती मानवली नाही. ते पुढे येईलच.

कोणी दिली, कोणी घेतली

ही बेटे एके काळी शिलाहार राजांकडे होती. पुढे ती गुजरातच्या सुलतानाकडे गेली. १५३४ साली सुलतान बहादूरशहा अडचणीत होता. दिल्लीचा बादशहा हुमायून त्याच्यावर चालून येत होता. बहादूरशहाने पोर्तुगीज लोकांशी तह केला आणि वसई व तिच्याबरोबर ही बेटे त्यांना दिली.

पोर्तुगाल हा युरोपातला छोटा देश. तिथून इथे यायला जहाजाला कित्येक महिने लागत. इतक्या लांबून समुद्रापलीकडचा मुलूख ताब्यात ठेवायचा, याला वसाहत म्हणतात. आपली मुंबई अशी पोर्तुगालची वसाहत झाली. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने मुंबईचे बेट राजाकडून खंडाने घेतले होते. त्याने आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर एक पुस्तक लिहिले. ते १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्यात आंब्याची माहिती आहे आणि आपल्या फणसाचीही आहे!

पुढे १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांचे लग्न ठरले. लग्नाचा करार झाला. त्या करारात मुलीकडच्यांनी मुंबई आंदण म्हणून दिली. आपल्याकडे मुलीला भांडीकुंडी देतात, एखादी गाय देतात. इथे जमीन दिली आणि जमिनीवरची माणसेही दिली. कोळ्यांना कोणी विचारले नाही. आगऱ्यांना कोणी विचारले नाही. आपला राजा बदलला हे त्यांना मागाहून कळले.

कागदातली खोट

आता खरी गंमत ऐका. त्या करारात सीमा नीट लिहिलेल्या नव्हत्या. आपल्या जमिनीच्या कागदात चतुःसीमा असते ना? पूर्वेस कोण, पश्चिमेस काय? तशी ती स्पष्ट नव्हती. इंग्रज म्हणाले, सगळी बेटे आमची. पोर्तुगीज म्हणाले, फक्त मुंबईचे बेट तुमचे, माहीम आमचे.

बेट ताब्यात घ्यायला इंग्रजांचे आरमार १६६२ साली आले. पोर्तुगीज अधिकाऱ्याने ताबा दिला नाही. बिचारे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले. तिथे पाऊस, ताप आणि उपासमार यांनी शेकडो शिपाई मेले. त्यांचा प्रमुख अब्राहम शिपमन हाही मेला. उरले ते शंभराच्या आसपास. शेवटी १६६५ साली हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला. कागदात जे स्पष्ट नव्हते त्याचा फायदा उठवून त्याने माहीमही बळकावले.

इंग्लंडच्या राजाला हे बेट परवडेना. त्याने १६६८ साली ते ईस्ट इंडिया कंपनी या व्यापारी कंपनीला देऊन टाकले. भाडे किती? वर्षाला फक्त १० पौंड! पौंड हे इंग्रजी नाणे.

मग जमिनीचा तंटा सुरू झाला. ही जमीन सरकारची, असे नवे मालक म्हणू लागले. जुने जमीनदार म्हणाले, आमच्याकडे वहिवाट आहे, कागद आहेत. त्या वेळी जेराल्ड अँजिअर हा मुंबईचा गव्हर्नर होता. त्याने १६७२ साली तडजोड काढली. रहिवाशांनी मिळून दरसाल २०,००० झेराफिन भरावेत आणि कंपनीने त्यांच्या जमिनीवरचा हक्क सोडावा, असे ठरले. झेराफिन हे पोर्तुगीज नाणे होते. १६७४ साली हे पक्के झाले. ज्यांच्यापाशी जमिनीचा आधार होता त्यांच्या जमिनी टिकल्या. जे दुसऱ्याच्या जमिनीत राबत होते त्यांच्या हाती काहीच आले नाही.

ताप आणि दलदल

मुंबईत आलेले इंग्रज भराभर मरत. इथे माणूस दोन पावसाळे जगतो, अशी म्हणच पडली होती. लोक माडाच्या मुळाशी मासळीचे खत घालीत. त्याच्या घाणीने ताप येतो, असे इंग्रजांना वाटे. म्हणून त्यांनी त्या खताला बंदी केली. पण खरे कारण वेगळे होते. दलदलीत डास होत आणि डासांमुळे हिवताप पसरे. हे १८९७ साली रोनाल्ड रॉस या डॉक्टरने आपल्याच देशात शोधून काढले. म्हणजे सव्वादोनशे वर्षे दोष भलत्यालाच! साचलेले पाणी हटवा, डास कमी होतील, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

बेटांचे एक शहर झाले

हळूहळू बेटांच्या मधले पाणी बांध घालून अडवले. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली मोठी खिंड गव्हर्नर हॉर्नबी याच्या काळात, १७८४ च्या सुमारास बंद झाली. १८०५ साली शीवचा बांध पुरा झाला आणि मुंबई साष्टीला जोडली गेली. १८३८ साली कुलाब्याचा रस्ता झाला. १८४५ साली माहीमचा पूल झाला. त्याचा खर्च जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दिला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला आगगाडी धावली. पुढे परळ-लालबागला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. वाड्या गेल्या, चाळी आल्या.

बांधांना आणि रस्त्यांना गव्हर्नरांची नावे मिळाली. पण डोक्यावर मातीच्या पाट्या कोणी वाहिल्या? गोरगरीब मजुरांनी. तेलंगणाकडून आलेले कामाठी मजूर जिथे राहिले तिथे कामाठीपुरा झाला. त्यांची आठवण तेवढीच उरली.

समुद्र हटला खरा, पण पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की सखल भागांत पाणी तुंबते. परळ-दादरच्या मधला हिंदमाता भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. जमिनीचा उतार ओळखून घर बांधावे, हे खेडेगावालाही तितकेच लागू आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण मुंबईच्या धक्क्यावरून निघून गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि मुंबई त्याची राजधानी झाली. त्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. ज्या मुंबईची देवघेव परक्या राजांनी केली, तिच्याविषयी या वेळी लोक स्वतः बोलले.

या गोष्टीतून आम्ही एवढेच सांगतो. जमिनीचे व्यवहार आपल्या डोक्यावरून होतात ते आपल्याला कागद वाचता येत नाही म्हणून. पूर्वी राजे विचारत नसत. आज कायदा आपल्याला विचारतो, पण तो कागदावर विचारतो. तेव्हा सातबारा स्वतः वाचा. त्यात कोणाचे नाव आहे, क्षेत्र किती आहे ते पाहा. घरच्या बायकांची नावे लागली आहेत का, तेही पाहा. जमिनीच्या व्यवहाराच्या कागदात चतुःसीमा नीट लिहिली आहे ना, याची खात्री करा. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि अंगठा तर आता मुळीच नको.

उत्तरे सांगा

१. पायधुनी हे नाव कशावरून पडले असे सांगतात?
२. मुंबई कोणी कोणाला आंदण दिली? कोणत्या साली?
३. लग्नाच्या करारात कोणती खोट होती? तिचा फायदा कोणी घेतला?
४. इंग्रजांना ताप कशाने येत होता? त्यांना काय वाटत होते?
५. तुमच्या गावातल्या वाड्यांची आणि शेतांची नावे लिहून काढा. ती कशावरून पडली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा.