ग्लिसरिन वायां घालवूं नये

करंज, सोयाबीन इत्यादींच्या तेलापासून बायोडिझेल करतांना दर १०० किलो तेलामागें सुमारें १० किलो ग्लिसरिन तळाशीं राहतें. त्यांत साबण, लवणें व मेथनॉल हें विष मिसळलेलें असतें; म्हणून तें जसेंच्या तसें औषधास चालत नाहीं कीं गुरांस घालतां येत नाहीं. शुद्धीकरणाचा खर्च लहान कारखान्यास झेपत नाहीं. परंतु कांहीं जंतु यावरच जगतात. फ्रॉइंड यांनीं १८८१ सालीं हें आंबवण नोंदविलें. 'क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम' हा जंतु हवाबंद टाकींत ग्लिसरिनापासून प्रोपेनडायॉल बनवितो. त्यापासून कृत्रिम धागा निघतो. मात्र सोबत आम्लेंहि वाढतात. तीं क्षार घालून मारलीं नाहींत तर जंतूंचें काम थांबतें. यास्तव सहकारी कारखाना काढणाऱ्या बंधूंनीं तेलाचा हिशेब मांडतांनाच ग्लिसरिनाची सोयहि ठरवावी, असें आम्ही सुचवितों.