आधी गोष्ट बोलीत, मग पुस्तक

प्रश्न : कळवणजवळच्या पाड्यावर मी रविवारी मुलांना गोष्टी सांगते. ऐकताना रमतात, पुस्तक हातात दिलं की गप्प. काय करावं?
– एक वाचक, कळवण

उत्तर : ताई, मुलं अडतात ती बहुधा पुस्तकाच्या मराठीपाशी. घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या मुलांना तीच गोष्ट आधी कोकणीत ऐकू द्या. तुम्हाला येत नसेल तर एखाद्या मोठ्या मुलीला सांगायला लावा. थाळीवर कथा लावणारे कुणी बाबा माहितीत असतील तर त्यांना बोलवाच. थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं ओढत सूर धरायचा आणि धान्यदेवता कणसरीची कथा रात्रभर चालवायची. याहून चांगली कार्यशाळा कोण घेणार? मग ऐकलेली गोष्ट मुलांच्याच शब्दांत ठळक अक्षरांत लिहून घ्या, चित्रं त्यांना काढू द्या. पहिलं पुस्तक हेच.

छापील पुस्तकं त्यानंतर. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ संस्थेचा ‘गोष्टरंग’ हा उपक्रमही जरूर पाहा. तिथे गोष्टी नाट्यरूपात मुलांपुढे येतात.

‘तात्पर्य काय?’ मात्र विचारू नका, तिथे परीक्षा सुरू होते. द्राक्षबागांच्या कामासाठी घरं दिंडोरी-निफाडकडे निघतील, तेव्हा मुलांच्या पिशवीत एकेक पुस्तक घाला आणि ते परत येण्याचा हिशेब ठेवू नका.