गळाआधीचा हातभर दोरा

नदीवर आमिषाबद्दल तासन्‌तास चर्चा चालते. गांडूळ बरे की कणीक, कोंबडीचे आतडे की जिवंत झिंगा, प्रत्येकाचे मत पक्के असते. गळाच्या आधीच्या हातभर दोऱ्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मुख्य दोरीचेच टोक गळाला बांधायचे आणि भिरकावून द्यायचे, हीच सर्रास पद्धत. चिलापीसाठी ती चालते. शिवडा, मरळ किंवा वाम यांच्या मागे लागायचे असेल, तर तो तुकडा वेगळा हवा. दुकानदार त्याला लीडर म्हणतात, आपण पुढचा दोरा म्हणू.

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीहून गांधीनगर ओलांडून वळिवडे-चिंचवाडच्या अंगाला गेले की पंचगंगा लागते. ही नदी वर्षभर एकसारखी नसते. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पाणी साठून राहते. पावसाळ्यापूर्वी बरगे काढतात, मग नदी वाहू लागते. त्यामुळे दुकानात जाण्याआधीच एक गोष्ट ठरवून घ्यावी, आपण साठलेल्या पाण्यात गळ टाकणार आहोत की वाहत्या. साठलेल्या, त्यातल्या त्यात निवळ पाण्यात पुढचा दोरा दीड-दोन हात लांब ठेवावा. माशापासून जाड दोरी आणि शिसे लांब राहिलेले बरे. वाहत्या किंवा गढूळ पाण्यात हातभर पुरे. तिथे लांब दोरा नुसता गरगरतो, स्वतःभोवतीच गुंततो आणि माशाने तोंड लावल्याचे बोटाला उशिरा कळते.

मग माशाचे तोंड बघावे. शिवड्याचे तोंड डोळ्यांच्याही मागे फाटलेले असते आणि जबड्यात बारीक दातांचे पट्टे असतात. हे दात कात्रीसारखे कापत नाहीत, कानशीसारखे घासतात. मासा जितका वेळ झुंजेल तितका तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, झिजत जातो. त्याच्यासाठी पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा जाड तंगूस घ्यावा, किंवा गळाजवळ वीतभर प्लॅस्टिकचे आवरण असलेली बारीक स्टीलची तार. सायकलच्या ब्रेकच्या वायरीतली एक तार उसवून वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. एकदा मुरड पडली की ती तिथेच तुटते, आणि तुटते ती ऐन वेळी. मरळीचे दात खरे टोकदार, शिवाय ती पाणवनस्पतीत घुसते. तिलाही जाड दोरा लागतो, पण आखूड. वामीचे गणित निराळे. ती गळ खोल गिळते आणि अंगाला पीळ देत दोरी गुंडाळून घेते. तिथे जाडीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे मुख्य दोरी आणि पुढचा दोरा यांच्यामध्ये स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी असणे. चांगले स्विव्हल काही रुपयांत मिळते. एवढ्यावर काटकसर करणाऱ्याला वाम मिळू नये, असे माझे मत आहे. शिंगाळ्याला मध्यम तंगूस चालतो, सांभाळायचे ते त्याच्या कल्ल्यामागच्या काट्यांना.

आता मुख्य मुद्दा. पुढचा दोरा मुख्य दोरीपेक्षा मजबूत असता कामा नये; पुढे जाड दोरा लावायचा तर मुख्य दोरी त्याहून दणकट हवी. ऐकायला उलटे वाटते, कारण सगळा ताण तर पुढेच येतो. पण नदीच्या तळाशी काय काय असते ते आठवा. दगड, बाभळीच्या फांद्या, जुनी जाळी, वाहून आलेली लुगडी. गळ त्यात अडकला आणि पुढचा दोरा दणकट असला, तर मुख्य दोरी कुठेतरी मध्येच तुटते आणि वीस-पंचवीस मीटर नायलॉन नदीत राहते. पुढचा दोरा कमजोर असेल, तर जातो फक्त गळ आणि हातभर तुकडा. म्हणून उतरती भाजणी लावावी. मुख्य दोरी वीस किलो पेलणारी असेल, तर पुढचा दोरा दहा-बारा किलोंचा आणि शिसे बांधलेला दोरा त्याहून हलका, चार-पाच किलोंचा. तळाला सर्वांत आधी शिसेच अडकते, ते एकटेच गेले तर गळ आणि मासा दोन्ही हाती राहतात.

यासाठी शिसे मुख्य दोरीवर ओवू नये. तीन कड्यांचे स्विव्हल घ्यावे. एका कडीला मुख्य दोरी, दुसरीला गळाचा पुढचा दोरा, तिसरीला वीतभर बारीक दोऱ्यावर शिसे. शिशाऐवजी जुना लोखंडी नट चालतो, नव्हे, तोच बरा. शिशाचे मणी दातांनी दाबून बसवण्याची सवय अनेकांना असते, पण शिसे विषारी आहे. पक्कड वापरा.

गाठ आवळण्याआधी तंगूस पाण्याने भिजवावा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तंगूस तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. बारीक तंगुसाला पाच-सहा वेढे द्यावेत, जाडाला तीन-चार पुरतात, जास्त दिले तर गाठ बसतच नाही. आवरण असलेल्या तारेला गाठ मारू नये, तांब्याची छोटी नळी ओवून पक्कडीने चेपावी. सगळे बांधून झाले की गळ खिळ्याला अडकवा, दुसरे टोक सामान तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याला लावा आणि ओढा. आकडा वाचताना डोळे गळापासून दूर ठेवा. पाकिटावर पंधरा किलो लिहिलेला दोरा गाठ मारल्यावर बराच आधी तुटतो, हे घरीच कळलेले बरे.

बंधाऱ्यामागच्या साठलेल्या पाण्यात होडीमागे दोरी ओढायची असेल, तर हिशेब बदलतो. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या डेट्रॉइट नदीत वॉलाय नावाचा मासा असाच हातदोरीने धरतात. अर्धा-पाऊण किलोचे वजन तळाशी टेकवत, उचलत होडी प्रवाहाविरुद्ध संथ चालवायची आणि आमिष लांब दोऱ्यावर मागून येऊ द्यायचे. वॉलायचा सख्खा चुलतभाऊ झँडर पोलंडच्या नद्यांत असतो. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहिले. ते जिथे राहिले तिथेच आजचे गांधीनगर आहे. त्यांच्यातल्या कोणी पंचगंगेत गळ टाकला असेल, तर समोर झँडरऐवजी शिवडा आला असेल. असो. आपल्याकडे ओढताना पुढचा दोरा तीन-चार हात लांब ठेवावा, म्हणजे वजन तळ खरवडत पुढे जाते आणि आमिष त्याने ढवळलेल्या गाळापासून दूर, मागे राहते. होडीचा वेग रमतगमत चालणाऱ्या माणसाएवढा. त्याहून जोरात वल्हवले तर वजन तळ सोडते, मग लांब दोऱ्याचा काही उपयोग उरत नाही. वळण घेताना आतल्या बाजूची दोरी सैल पडून बुडते, तेव्हा दोन हात आत ओढून घ्यावी.

हातदोरीला रीळ नसते, ढील देणारा फक्त आपला हात. थोडा ताणला जाणारा तंगूस पुढे असला की धक्का मऊ पडतो, हाही त्याचा फायदाच. तरीही, ‘‘दोरी हाताला गुंडाळू नगंस,’’ असे पोराला निक्षून सांगितले पाहिजे. शिवडा मीटरभराहून मोठा होतो आणि त्याने मुसंडी मारली की गुंडाळलेली दोरी बोटात रुतते. तर्जनीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा आणि दोरी त्यावरून सुटू द्यावी.

प्रत्येक माशानंतर पुढच्या दोऱ्यावरून नख फिरवावे. खरखर लागली की तेवढा भाग कापून पुन्हा बांधावा. कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणावेत, काठावर टाकलेला तंगूस बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायांत अडकतो. तयार दोरे जुन्या स्लिपरच्या कडेला चिरा पाडून त्यात गुंडाळून ठेवता येतात, लांब एका बाजूला, आखूड दुसऱ्या.

पावसाळ्याच्या तोंडाला शिवडा अंडी घालायला निघतो, तेवढे दिवस त्याला सोडावे. आधीच तो कमी होत चालला आहे. उन्हाळ्यात पाणी काळे पडून मासे वर येऊन तोंड वासू लागले, तर तेही धरू नयेत आणि खाऊ तर मुळीच नयेत. आणि ज्या पाण्यावर मच्छीमार संस्थेचा ठेका असेल, तिथे गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारून घ्यावे. कुठल्या डोहात तळाशी जाळी अडकली आहेत, हेही बहुधा त्यालाच ठाऊक असते.