शेतावरील कुत्र्यांचे कानाचे विकार : कारणे, निदान व प्रतिबंध

पिकाची व गोठ्याची राखण करणारा कुत्रा प्रामुख्याने कानांवर विसंबून असतो. रात्री रानडुकराची चाहूल त्याला दिसण्यापूर्वी ऐकू येते. तरीही कान खाजवणारा, डोके झटकणारा कुत्रा बहुधा दुर्लक्षित राहतो किंवा त्याच्या कानात हाताशी असेल ते औषध ओतले जाते. या दोन्ही गोष्टींची परिणती कायमच्या बहिरेपणात होऊ शकते.

कानाची रचना

कुत्र्याची कर्णनलिका प्रथम खाली उतरते आणि नंतर आत वळून कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचते. या वळणामुळे मळ, ओलावा व पू सहज बाहेर पडत नाही. लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल यांसारख्या लोंबत्या कानांच्या जातींत हवा कमी खेळते व संसर्गास पोषक स्थिती निर्माण होते. उभ्या कानांच्या गावठी कुत्र्यांत हवा अधिक खेळते. मात्र परजीवींपासून त्यांचीही सुटका नसते.

कारणे व लक्षणे

*कानातील कोळी :* ओटोडेक्टिस सायनोटिस हा कीटक नसून पिकांवरील लाल कोळ्याप्रमाणेच अष्टपाद वर्गातील जीव आहे. तो त्वचा पोखरत नाही. नलिकेच्या पृष्ठभागावर राहून त्वचेचे कण व स्राव यांवर जगतो. अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ सुमारे 3 आठवड्यांत पूर्ण होते. पिल्लांत याचा प्रादुर्भाव अधिक आढळतो आणि निकट संपर्कातून तो इतर कुत्र्यांकडे व मांजरांकडे पसरतो. कॉफीच्या चुऱ्यासारखा कोरडा, काळपट मळ व तीव्र खाज ही त्याची लक्षणे होत. हा मळ काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिल्यास पांढरे, हलणारे ठिपके दिसू शकतात.

*गोचीड :* कुत्र्यावरील तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, कानाच्या पाळीत व बोटांच्या बेचक्यांत चिकटते. गुरांवरील एक प्रमुख गोचीड आपल्या सर्व अवस्था एकाच जनावरावर पूर्ण करते. तपकिरी गोचीड मात्र प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतींच्या भेगांत कात टाकते. मादी तेथेच हजारो अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्यावर औषध लावून तिचा बंदोबस्त होत नाही. एर्लिकिओसिस व बबेसिओसिस या रोगांचा प्रसारही तिच्यामार्फत होतो.

*माश्या :* चावऱ्या माश्यांमुळे कानाच्या टोकांवर जखमा होतात. उघड्या जखमेवर क्रायसोमिया बेझियाना या माशीने अंडी घातल्यास अळ्या जिवंत मांस खात खोलवर शिरतात.

*सूक्ष्मजीव व अन्य कारणे :* तपकिरी, तेलकट व आंबूस वासाचा मळ बहुधा मॅलासेझिया या यीस्टचा असतो. दुर्गंधीयुक्त पू व वेदना जिवाणूसंसर्ग सुचवतात. वारंवार होणाऱ्या संसर्गामागे अनेकदा त्वचेची ॲलर्जी असते. गवतातून फिरल्यानंतर एकाच कानाचा त्रास अकस्मात सुरू झाल्यास कुसळ शिरल्याची शंका घ्यावी. डोके एका बाजूला कलणे अथवा तोल जाणे हे विकार आतील कानापर्यंत पोहोचल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी विलंब करू नये.

उपचार

पिकावरील कीड ओळखल्याविना फवारणी करू नये, हे तत्त्व येथेही लागू पडते. कोळ्यांवरील औषधाने यीस्ट मरत नाही व प्रतिजैविकाने कोळी मरत नाहीत. पशुवैद्यकाकडून कानाची तपासणी व मळाची सूक्ष्मदर्शकीय परीक्षा करून घ्यावी. पडदा शाबूत आहे याची खात्री होईपर्यंत कानात कोणतेही औषध टाकू नये. पडदा फाटलेला असल्यास काही थेंबौषधे आतील कानास अपाय करतात.

पशुवैद्यकाने सुचवलेले कर्णशोधक द्रावण नलिकेत भरून कानाचा तळ बाहेरून हलक्या हाताने चोळावा, कुत्र्याला डोके झटकू द्यावे व वर आलेला मळ कापसाने पुसावा. काडीने मळ आत ढकलला जातो. वेदनेत असलेला पाळीव कुत्राही चावू शकतो, म्हणून मुसके बांधावे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा.

कोळ्यांसाठी सेलामेक्टिन किंवा आयसोक्झाझोलिन गटातील औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरली जातात. खाज थांबताच उपचार सोडल्यास शिल्लक अंड्यांतून नवी पिढी निघू शकते. म्हणून ठरवून दिलेला कालावधी पूर्ण करावा आणि संपर्कातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावेत.

हे टाळावे

- रॉकेल, टर्पेंटाईन, फिनेल किंवा शेतीची कीटकनाशके कानात घालणे.
- गुरांचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणे. कोली व तत्सम जातींत ते प्राणघातक ठरू शकते.
- पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजरांवर वापरणे. ते त्यांना विषारी असते.

प्रतिबंध

1. आठवड्यातून एकदा दोन्ही कान पाहावेत व त्यांचा वास घ्यावा. निरोगी कान फिकट गुलाबी व दुर्गंधीरहित असतो. असा कान वारंवार धुण्याची गरज नसते.
2. तळ्यात पोहल्यानंतर किंवा आंघोळीनंतर कान कोरडे करावेत.
3. कुसळी गवत पिकण्याच्या काळात कुत्रा परतल्यावर कान व पंजे तपासावेत.
4. कुत्र्याच्या बसण्याच्या जागेतील भेगा बुजवाव्यात, अंथरूण उन्हात वाळवावे. गोचीडनाशकाचा वापर कुत्रा व जागा या दोहोंसाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानुसार करावा.
5. शेण व कचरा वेळेवर उचलून माश्यांची पैदास रोखावी; कानावरील लहान जखमही उघडी ठेवू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी गोठा-भेटीच्या वेळी जनावरांबरोबर राखणीच्या कुत्र्याचेही कान पाहावेत. एक भिंग व काळा कागद यांच्या साहाय्याने कोळ्यांचा प्रादुर्भाव जागेवरच लक्षात येऊ शकतो. कोळी न दिसल्यास मात्र ते नाहीत असे गृहीत न धरता पशुवैद्यकीय दवाखान्याकडे मार्गदर्शन करावे.