गावाची लोकसंख्या आणि गावाची वाट

जनगणनेनंतर प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका प्रसिद्ध होते. तिच्यातील ग्राम निर्देशिकेत गावाच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. क्षेत्रफळ, कुटुंबे, लोकसंख्या आणि पुढील रकान्यांत शाळा, दवाखाना, टपाल, बससेवा, रेल्वे स्थानक, पक्का रस्ता. एखादी सोय गावात नसल्यास ती किती दूर आहे, हे अक्षराने दर्शविले जाते. २०११ च्या पुस्तिकेत पाच किलोमीटरांच्या आत, पाच ते दहा आणि दहाहून अधिक असे तीन गट होते. अर्धा किलोमीटर आणि साडेचार किलोमीटर यांना एकच अक्षर. मधे ओढा आहे की खाडी, हे त्या अक्षरात येत नाही.

या दृष्टीने रत्नागिरी जिल्हा अभ्यासण्याजोगा आहे. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या याच दशकात सुमारे १६ टक्क्यांनी वाढली असता येथे ती सुमारे ८२ हजारांनी घटली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२. राज्याचे प्रमाण ९२९. पुरुषवर्ग मुंबईकडे पोटापाण्यासाठी जातो, ही कोकणची जुनी कहाणी या दोन आकड्यांत सामावली आहे.

मात्र येथे एक बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या वेळी मुंबईत असलेला चाकरमानी मुंबईतच मोजला गेला. शिमगा त्या वर्षी मार्चमध्ये, गणना आटोपल्यावर आला. गणपतीला आणि शिमग्याला गावे भरतात, एस. टी. ला जादा गाड्या सोडाव्या लागतात आणि १९९८ पासून कोकण रेल्वेवरही तोच भार पडतो. परंतु निर्देशिकेतील लोकसंख्येत हा प्रवासी दिसत नाही. याउलट, वर्षभर गावात राहणाऱ्या स्त्रिया, वृद्ध आणि शाळकरी मुले यांना लागते ती तालुक्याच्या ठिकाणी जाणारी साधी गाडी. वाहतुकीची ही दोन मागणीपत्रे वेगळी आहेत आणि ती एकत्र केल्यास दुसऱ्या मागणीचा बळी जातो.

कोकणातील गाव म्हणजे वाड्यांचा समूह. निर्देशिकेची ओळ मात्र महसुली गावाची असते. मुख्य वाडीपर्यंत डांबरी सडक आली की त्या ओळीत रस्ता आला, बस आली. साकवापलीकडच्या वाडीतील आजाऱ्यास पावसाळ्यात डोलीतून आणावे लागते, याची नोंद कोणत्याही रकान्यात नाही.

२००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने ही उणीव काही अंशी ओळखली. या योजनेचे एकक गाव किंवा ग्रामपंचायत नसून वस्ती हे आहे. सपाट प्रदेशात ५०० लोकवस्तीची मर्यादा असून, बारमाही रस्त्यापासून किमान ५०० मीटर दूर असलेली वस्ती न जोडलेली समजली जाते. ५०० मीटरांच्या परिघातील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. डोंगराळ भागासाठी हेच अंतर पायवाटेने दीड किलोमीटर आहे.

उदाहरणार्थ, ओढ्यापलीकडे ३०० आणि २२० वस्तीच्या दोन वाड्या असून त्यांच्यात ४०० मीटर अंतर आहे, असे समजू. स्वतंत्रपणे धरल्यास एकही वाडी पात्र ठरत नाही. एकत्र धरल्यास बेरीज ५२० होते. सर्व काही अवलंबून राहते ते वाडीवार आकडा ग्रामपंचायतीच्या दप्तरी आहे किंवा नाही यावर. ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी मनावर घेतल्यास हे काम आठवड्याभरात होण्यासारखे आहे. अंतर मात्र नकाशावर न मोजता वाटेवर मोजावे, आणि शक्यतो श्रावणात.

२०२१ ची जनगणना लांबली आणि पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख अधिसूचित करण्यात आली. २०२४ साली मंजूर झालेला योजनेचा चौथा टप्पा २०११ च्याच लोकसंख्येवर आधारलेला आहे. त्यानंतर वसलेल्या किंवा ओस पडलेल्या वाड्यांचा हिशेब तूर्त गावालाच ठेवावा लागेल.