विमा सरहद्दीपाशी थांबतो

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली धावतात. या प्रत्येक वाहनाचा एक कागद असलाच पाहिजे. तो म्हणजे विम्याचा कागद. उर्दूत आपण ज्याला ‘बीमा’ म्हणतो, त्यालाच मराठीत ‘विमा’ म्हणतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ‘तृतीय पक्षाचा विमा’ सक्तीचा आहे. तृतीय पक्ष म्हणजे कोण? वाहनाचा मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि रस्त्यावरचा परका माणूस तिसरा. वाहनाच्या धडकेने तो जखमी झाला किंवा दगावला, तर न्यायाधिकरण नुकसानभरपाई ठरवते आणि विमा कंपनी ती देते. म्हणजे हा विमा गाडीच्या पत्र्यासाठी नाही, माणसासाठी आहे.

आता समजा, येलदरीचा एक तरुण ड्रायव्हरच्या नोकरीसाठी दुबईला निघाला. गावी तो जीप चालवत असे. त्या जीपचा विमा दुबईत त्याच्या उपयोगी पडेल काय? मुळीच नाही. तो विमा त्या जीपचा आहे, तरुणाचा नव्हे. शिवाय भारतातील वाहनविमा भारतापुरताच असतो. जादा हप्ता भरला, तर तो नेपाळ, भूतान, बांगलादेश यांसारख्या शेजारी देशांपर्यंत वाढवता येतो. आखाती देश त्यात येत नाहीत.

दुबईतही तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. तेथे अपघातात चुकीने कोणाचा जीव गेला, तर वारसांना ‘दियत’ द्यावी लागते. ही रक्कम दोन लाख दिरहम आहे. आपल्या पैशांत ती चाळीस लाख रुपयांहून अधिक होते. गरीब घरचा ड्रायव्हर एवढे पैसे कोठून आणणार? गाडीचा विमा असेल, तर ही रक्कम विमा कंपनी भरते. मात्र ड्रायव्हरजवळ परवाना नसेल किंवा तो दारू प्यायलेला असेल, तर कंपनी ते पैसे त्याच्याकडून वसूल करू शकते.

म्हणून विम्याइतकाच परवानाही महत्त्वाचा आहे. आपल्याकडील परिवहन कार्यालय आंतरराष्ट्रीय परवाना देते. तो जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो आणि पाहुणे म्हणून जाणाऱ्यांसाठी असतो. नोकरीसाठी राहणाऱ्याला तिथलाच परवाना काढावा लागतो. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हेही शिकावे लागते.

दुबईची गाडी शेजारच्या ओमानमध्ये न्यायची झाली, तर पुन्हा तोच प्रश्न येतो. तेव्हा ओमानसाठीचा विमा आधी घ्यावा लागतो. यासाठी अरब देशांनी ‘ऑरेंज कार्ड’ची सोय केली आहे. युरोपात अशीच ‘ग्रीन कार्ड’ पद्धत १९५३ पासून आहे.

मुलांनो, उद्या तुमच्या घरचे कोणी परदेशी वाहन चालवायला निघाले, तर त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा : या गाडीचा विमा आहे काय? त्याची मुदत कधी संपते? तो कोणकोणत्या देशांत चालतो? नोकर झालो म्हणून मालकाला कागद मागण्यात कमीपणा नाही. किल्ली हातात घेण्यापूर्वी कागद पाहावा.

शब्दार्थ
सक्तीचा – टाळता न येणारा
दगावणे – मरण पावणे
हप्ता – विम्यासाठी ठरावीक वेळी भरायची रक्कम
वारस – मृताच्या मालमत्तेवर हक्क असणारे नातेवाईक
मुदत – ठरलेला काळ

स्वाध्याय
१. तृतीय पक्ष कोणाला म्हणतात?
२. येलदरीच्या जीपचा विमा दुबईत का चालत नाही?
३. विमा असूनही ड्रायव्हरला पैसे केव्हा भरावे लागतात?
४. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या वाहनाचे विमापत्र पाहा. त्यावरील मुदत वहीत लिहा.